मुंबईचा सर्वकालीन संघ : एका घरगुती निवड समितीचा वृत्तांत

मंडळी, बाड हॉम्बुर्गचं नाव काढलं की पाहुण्यांना आठवतात ते कुरपार्कातले झरे, राजवाड्याचा पांढरा मनोरा आणि दोस्तोव्हस्कीने जिथे खिसा रिकामा केला तो कॅसिनो. जुन्या सिनेमांतल्या साहेबांच्या डोक्यावर दिसणारी 'हॉम्बुर्ग' टोपीही इथलीच. खेळातही हे गाव मागे नाही. १८७६ साली इंग्रज पाहुण्यांनी इथल्या कुरपार्कात टेनिस आणलं, त्याचा गावाला आजही अभिमान आहे. पण आमच्या घरापुरतं बोलायचं तर बाड हॉम्बुर्ग म्हणजे बेसबॉल. युद्धानंतर फ्रँकफर्टच्या परिसरात अमेरिकन सैन्याचा तळ अनेक दशकं होता. सैनिक परत गेले, खेळ मात्र मागे राहिला. इथल्या 'हॉर्नेट्स' क्लबात आमची तेरा वर्षांची लेक खेळते आणि मी कुंपणाबाहेर थर्मासमधला चहा पीत उभा राहतो. गिरगावच्या चाळीत क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल जेवढा कळायचा तेवढाच मला कळतो.

गेल्या हिवाळ्यात मैदान बंद असताना तिच्या मैत्रिणींमध्ये एक खूळ शिरलं. प्रत्येकीने आपल्या आवडत्या संघाचा सर्वकालीन सर्वोत्तम चमू निवडायचा. आमच्या बाईसाहेबांचा संघ डॉजर्स. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून दोन संध्याकाळी नुसती खाडाखोड चालली होती. ओहतानी नुकता आला, त्याला घ्यायचा का? आधी हा संघ ब्रुकलिनचा होता, १९५७ नंतर लॉस एंजेलिसला गेला. मग ब्रुकलिनवाले धरायचे की नाही?

मी म्हटलं, "हे काहीच नाही. तुझ्या आजोबांनी असा संघ वर्षानुवर्षं निवडला होता. मुंबईचा, क्रिकेटचा."

"मग दाखव ना!" ती म्हणाली.

कपाटातून वडिलांची जुनी डायरी काढली. तिच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने अकरा नावं लिहिलेली होती. काही खोडलेली, काही पुन्हा लिहिलेली, एका नावाखाली दोन रेघा. वडील आता नाहीत. पावसाळ्यातल्या रविवारी चाळीच्या गॅलरीत ह्या यादीवरून चाललेली भांडणं मात्र मला अजून ऐकू येतात. शेजारचे काका एक नाव सुचवायचे, वडील ते खोडायचे, मग कोणाची तरी बायको चहा घेऊन यायची आणि विषय तात्पुरता बंद व्हायचा.

त्या संध्याकाळी आमच्याकडे निवड समिती बसली. अध्यक्ष मी, सदस्य लेक आणि सौ. सौ. पुण्याच्या आहेत हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आधी नियम

वडिलांचा नियम एकच होता. "रणजीत मुंबईसाठी काय केलंस ते सांग. इंडियाचं नंतर." हा नियम वाटतो तेवढा साधा नाही. त्यामुळे कसोटीतली मोठी नावं आपोआप आत येत नाहीत आणि कसोटी कधीच न खेळलेला माणूसही बाहेर राहत नाही.

नव्या पिढीसाठी थोडा इतिहास सांगतो. रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला आणि तो पहिलाच करंडक मुंबईने जिंकला. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं तो मुंबईबाहेर गेला नाही. २०२३-२४ चा करंडक धरून मुंबईची एकूण विजेतेपदं ४२ झाली. ह्या संघाच्या फलंदाजीला 'खडूस' हे विशेषण चिकटलं ते उगाच नाही. कांगा लीगमध्ये चिखलात आणि गुडघाभर गवतात खेळून, लोकलच्या गर्दीत किट सांभाळत मैदान गाठून आलेला पोरगा सहजासहजी विकेट फेकत नाही.

सौंनी लगेच हरकत घेतली. "आणि प्रा. देवधर? १९३९-४० आणि १९४०-४१, लागोपाठ दोनदा रणजी जिंकली महाराष्ट्राने. आणि भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा?" निंबाळकरांची ती खेळी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच झाली. काठेवाडच्या संघाने सामना अर्धवट सोडून दिला, नाहीतर ब्रॅडमनचा विक्रम त्याच दिवशी मोडला असता. सगळं मान्य. पण रणजीत महाराष्ट्राचा संघ वेगळा, मुंबईचा वेगळा आणि विदर्भाचा वेगळा. जर्मन मित्राला हे समजावताना माझी नेहमी दमछाक होते. हरकत फेटाळली, आणि त्या रात्री भांडी मी घासली.

सलामी आणि मधली फळी

सलामीच्या दोन नावांवर वाद झालाच नाही. सुनील गावसकर आणि विजय मर्चंट. गावसकरांच्या १०,१२२ कसोटी धावा आणि ३४ शतकं सगळ्यांना पाठ आहेत. पण वडिलांच्या नियमाप्रमाणे मोजायच्या त्या १९८१-८२ साली बंगालविरुद्धच्या ३४० धावा. त्याच हंगामात बंगळुरूला कर्नाटकाविरुद्धची उपांत्य लढत झाली. खेळपट्टी फुटलेली आणि रघुराम भट ह्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू हातभर वळतोय. गावसकर त्याला चक्क डावखुरे होऊन खेळले आणि बाकीच्यांना उजव्या हाताने. मुंबई पहिल्या डावाच्या आघाडीवर हरली, पण गावसकर नाबाद राहिले. लेकीला हा किस्सा फार आवडला. बेसबॉलमध्ये दोन्ही बाजूंनी मारणाऱ्याला 'स्विच हिटर' म्हणतात, अशी माझ्या ज्ञानात भर पडली.

मर्चंट गिरणीमालकांच्या गुजराती घरातले. रणजीतली त्यांची सरासरी ९८.७५. १९४३-४४ साली त्यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. हा आकडा मी सौंच्या समोर जरा हळू आवाजात वाचला. कसोट्या मात्र दहाच, कारण ऐन उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली.

तिसऱ्या जागेवर वडिलांनी लिहिलं होतं : अजित वाडेकर, कर्णधार. १९६६-६७ साली म्हैसूरविरुद्ध ३२३ धावा आणि १९७१ साली वेस्ट इंडिज व इंग्लंड ह्या दोन्ही दौऱ्यांत मालिका विजय. लेकीने विचारलं, "वसीम जाफर का नाही? रणजीत सर्वांत जास्त धावा त्याच्याच ना?" प्रश्न रास्त होता. जाफरच्या रणजीत १२,०३८ धावा आहेत. कारकिर्दीतल्या दुसऱ्याच सामन्यात त्याने सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४ केल्या. शेवटच्या वर्षांत तो विदर्भाकडून खेळला आणि त्यांच्या २०१७-१८ व २०१८-१९ च्या विजेतेपदांत वाटेकरी झाला. नागपूरकर वाचकांनी त्याला आपल्या संघात सलामीला घ्यावं, आमची ना नाही. आमच्याकडे सलामीची जागाच रिकामी नव्हती.

चौथा सचिन तेंडुलकर. डिसेंबर १९८८ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी गुजरातविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात त्याने शतक काढलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये हरियाणातल्या लाहलीला शेवटचा सामना खेळला, तेव्हाही चौथ्या डावात नाबाद ७९ करून मुंबईला जिंकून दिलं. मधल्या पंचवीस वर्षांत देशासाठी इतकं खेळावं लागलं की रणजीचे अवघे ३८ सामने वाट्याला आले, पण त्यांत सरासरी ८७ च्या वर.

पाचवे पॉली उम्रीगर. घर पारशी, जन्म सोलापूरचा. कसोटीत भारतासाठी पहिलं द्विशतक त्यांचंच : १९५५ साली हैदराबादला, न्यूझीलंडविरुद्ध. शिवाय मध्यमगती आणि ऑफस्पिन दोन्ही टाकायचे, म्हणजे गोलंदाजाची अर्धी जागा वाचते.

सहावी जागा वडिलांनी दिलीप सरदेसाईंना दिली होती. नंतर ते नाव खोडून वरती वेंगसरकर लिहिलं होतं. ती खाडाखोड माझ्यामुळे झाली होती. सरदेसाई मडगावचे. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात ६४२ धावा करणारा माणूस बाहेर बसवायचा म्हणजे गोवेकरांचा रोष पत्करणं आलं. पण वेंगसरकरांवर माझा जीव.

मे १९९१ मध्ये वानखेडेवर हरियाणाविरुद्धचा अंतिम सामना झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि शेवटच्या दिवशी स्टँडमध्ये होतो. मुंबईला जिंकायला ३५५ हव्या होत्या. तेंडुलकर ९६ वर गेला. वेंगसरकर मात्र उभे राहिले, शेवटच्या गड्याला हाताशी धरून धावसंख्या खेचत राहिले. ३५२ वर अॅबी कुरुविला धावबाद झाला आणि दोन धावांनी करंडक गेला. वेंगसरकर नाबाद १३९. खेळपट्टीवर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आमच्याही. घरी आलो तर वडिलांनी काही न बोलता डायरी काढली आणि सरदेसाईंवर रेघ मारली. एवढी मोठी कारकीर्द एका रेघेने खोडायची त्यांची इच्छा नसणार. त्या दिवशी मुलाची समजूत कशी काढावी हे त्यांना बहुतेक दुसरं काही सुचलं नाही.

सोलकर, ताम्हाणे, देसाई, गुप्ते

सातवी जागा एकनाथ सोलकरांची. पी. जे. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा मैदानाच्या कडेच्या झोपडीत वाढला. डावखुरी फलंदाजी, नव्या चेंडूने मध्यमगती, चेंडू जुना झाला की फिरकी. आणि फॉरवर्ड शॉर्टलेगला हेल्मेटशिवाय उभं राहून २७ कसोटींत ५३ झेल. लेकीला म्हटलं, तुझ्या हातात तो केवढा थोरला चामड्याचा पंजा असतो. सोलकरांचे हात उघडे होते. ती काही वेळ गप्प झाली.

यष्टिरक्षणाला फरोख इंजिनियर, चंद्रकांत पंडित आणि नरेन ताम्हाणे अशी तीन नावं पुढे आली. फलंदाजी पाहिली तर इंजिनियर. पण आमच्या संघात दोन-दोन फिरकी गोलंदाज, तेव्हा ज्याचे हात सर्वांत मऊ तो हवा. ताम्हाण्यांनी २१ कसोटींत ५१ बळी टिपले, त्यांतले १६ यष्टिचित.

नववे रमाकांत देसाई. उंची इतकी कमी की सगळे 'टायनी' म्हणायचे, पण बाउन्सर नाकाशी यायचा. १९५८-५९ च्या पहिल्याच रणजी हंगामात ५० बळी घेतले, आणि ती पंधरा वर्षांची विजययात्रा तिथूनच सुरू झाली. श्रीरामपूरचा जहीर खान त्यांच्याहून मोठा गोलंदाज, हे मी जाणतो. २००६-०७ साली मुंबई पहिले तीन सामने हरली, उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध शून्यावर पाच गडी बाद अशी अवस्था झाली, तरीही करंडक जिंकला, त्यात जहीरचा वाटा होता. पण मुंबईकडून तो थोडंच खेळला. नियम म्हणजे नियम.

त्या २००६-०७ च्या संघाचा कर्णधार अमोल मुझुमदार. १९८८ साली शाळेच्या सामन्यात तेंडुलकर-कांबळी ६६४ धावांची भागी करत होते, तेव्हा पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेला मुलगा तो हाच. रणजी पदार्पणात २६० केल्या, पण कसोटीची पाळी कधी आलीच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक तेच होते. आमच्या यादीत ते बसले नाहीत, पण लेकीने त्यांना बिनविरोध प्रशिक्षक नेमलं.

दहावे सुभाष गुप्ते. गुगली आणि लेगब्रेक, ३६ कसोटींत १४९ बळी. १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडिजचे एका डावात नऊ गडी बाद केले. १९५२-५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात २७ बळी घेतले आणि त्याच दौऱ्यात भावी पत्नीही भेटली. पुढे ते त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ साली तिथेच गेले. आपल्या मंडळींना सांगण्यासारखी गोष्ट ही, की मुंबईच्या सर्वकालीन संघातला एक माणूस तरी आपल्यासारखाच परदेशी राहिलेला आहे.

दोन रेघांचं नाव

अकरावं नाव पद्माकर शिवलकर. वडिलांच्या त्या दोन रेघा ह्याच नावाखाली होत्या.

डावखुरी मंदगती फिरकी. प्रथम दर्जाचे ५८९ बळी, सरासरी २० च्या आत. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासला चेपॉकवर. मुंबई १५१ आणि ११३. एवढ्या धावांत कोणी जिंकतं का? पण शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच गडी बाद केले. तामिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि पंधरावा करंडक मुंबईला आला. वडील म्हणायचे, रेडिओ गरम व्हायच्या आत मॅच खलास.

आणि तरीही शिवलकर एकही कसोटी खेळले नाहीत. कारण त्याच काळात, त्याच प्रकारची गोलंदाजी बिशनसिंग बेदी करत होते आणि जागा एकच होती. गावसकरांनी आपल्या 'आयडॉल्स' ह्या पुस्तकात त्यांना स्थान दिलं, २०१७ साली बोर्डाने जीवनगौरव दिला, मार्च २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'हा चेंडू दैवगतीचा'. इंडियाने नाही घेतलं तरी गिरगावच्या चाळीतल्या एका डायरीत त्यांची जागा पक्की होती.

संघ पूर्ण झाला. मी डायरी मिटायला घेतली.

तिचा प्रश्न

लेकीने तिचा डॉजर्सचा कागद पुढे सरकवला. दुसऱ्या बेसवर नाव होतं जॅकी रॉबिन्सन. "बाबा, ह्याच्या आधी काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये घेतच नव्हते. १९४७ साली हा पहिला आला. त्याआधीचे सगळे वेगळ्या लीगमध्ये खेळायचे. जॉश गिब्सन तर त्याच वर्षी जानेवारीत वारला, तीन महिने आधी. मग २०२० मध्ये ठरवलं की त्या लीगसुद्धा मोठ्याच होत्या, आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले. आता सरासरीत पहिला गिब्सन आहे." मग तिने साध्या सुरात विचारलं, "तुमच्याकडे असं कोणी होतं का? १९३४ च्या आधी?"

होते. आणि आम्ही चाळीत इतक्या वेळा संघ निवडला, पण त्यांचं नाव एकदाही निघालं नव्हतं. नियमच असा होता की निघण्याचा प्रश्न नव्हता.

पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, चांभार समाजात. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायला, रोलर फिरवायला महिना तीन रुपयांवर लागले. तिथून गोऱ्यांच्या क्लबात, चार रुपयांवर. तिथे ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता हात बसला. त्यांना कोणी फलंदाजी मात्र कधी करू दिली नाही. गोऱ्यांना हरवायचं तर हा गोलंदाज हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबाला कळलं, तेव्हा आधी चर्चा झाली आणि मग घेतलं. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातात फिरायचा. चहाच्या सुटीत मात्र बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवण वेगळं, ताट वेगळं.

पुढे मुंबईत येऊन ते हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंची गोलंदाजी मोलाची ठरली. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. बळी घेण्याची रीत कोणती? डावखुरी मंदगती फिरकी.

इतकं करूनही हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२० साली उपकर्णधारपदापर्यंत मजल गेली. १९२३ साली कर्णधार झाले ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल, आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. बाळू पुढे राजकारणात उतरले. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ साली ते वारले.

मी हे सगळं सांगितल्यावर सौ. म्हणाल्या, "म्हणजे शिकले पुण्यात!" एवढं बोलून त्याही गप्प झाल्या, कारण पुण्यात आणखी काय काय झालं तेही त्यांनी नुकतंच ऐकलं होतं.

लेक म्हणाली, "मग ह्यांना घ्या."

"अकरा झाले ना. फार तर बारावा गडी..." मी बोलून गेलो आणि जीभ चावली. बारावा गडी करतो काय? मैदानात पाणी नेतो. ज्या माणसाला चहा बाहेर मातीच्या भांड्यात दिला, त्याच्या हाती शंभर वर्षांनी मी पाण्याचा ट्रे देत होतो.

मग नियम बदलायचा ठरला. 'रणजीत मुंबईसाठी' ह्याऐवजी 'मुंबईच्या मैदानावर, मुंबईच्या संघासाठी, कोणत्याही काळात'. पण मग खरी अडचण उभी राहिली. बाळू डावखुरे मंदगती फिरकीवाले आणि शिवलकरही तेच. निवड समित्यांचा शहाणपणा सांगतो की एका प्रकारचा एकच घ्यावा. म्हणजे बाळूंना आत आणायचं तर शिवलकरांना बाहेर काढायचं. आयुष्यभर ज्यांनी 'जागा एकच आहे' हे ऐकलं, त्यांना पुन्हा तेच सांगायचं. आणि तेही वडिलांच्या दोन रेघा पुसून.

विनू मंकड, बापू नाडकर्णी, रवी शास्त्री हेही सगळे डावखुरे फिरकीवाले, त्यांना आम्ही आधीच दाराबाहेर ठेवलं होतं. नाशिकच्या नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला लागोपाठ २१ षटकं निर्धाव टाकली, शास्त्रींनी १९८५ साली वानखेडेवर एका षटकात सहा षटकार मारले. "मुलींचा संघ केलास तर त्यात पहिली डायना एडलजी," लेक म्हणाली. शोधून पाहिलं, तर त्याही डावखुऱ्या फिरकी गोलंदाज! मुंबईच्या पाण्यातच काहीतरी असावं.

शेवटी दोघेही खेळतील असं मी ठरवलं. मग एक फलंदाज कमी करणं आलं. गावसकर, मर्चंट, तेंडुलकर यांना हात लावणं शक्य नाही. वाडेकर वडिलांचे. उम्रीगर आणि सोलकर गोलंदाजीही करतात. राहिले वेंगसरकर. त्या नावावर मी स्वतः रेघ मारली. १९९१ साली वडिलांनी सरदेसाईंवर मारली होती, तिच्याच शेजारी.

कर्णधार कोण, यावर समितीत फूट पडली. सौंचं मत वाडेकरांना, कारण जिंकण्याचा अनुभव. लेकीचं मत बाळूंना, कारण त्यांना कधीच करू दिलं नाही. निर्णायक मत अध्यक्षांचं. मला आठवलं की १९७१ च्या दौऱ्यासाठी पतौडींऐवजी वाडेकर कर्णधार झाले, तेही निवड समितीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे आमचे सलामीवीर मर्चंट यांच्या, एका निर्णायक मतावर. एका मताने मिळालेली गोष्ट वाडेकर एका मताने द्यायला ना म्हणणार नाहीत, असं धरून मी मत बाळूंना दिलं. वाडेकर उपकर्णधार.

तर वाचकहो, आमचा संघ असा :

१. सुनील गावसकर
२. विजय मर्चंट
३. अजित वाडेकर (उपकर्णधार)
४. सचिन तेंडुलकर
५. पॉली उम्रीगर
६. एकनाथ सोलकर
७. नरेन ताम्हाणे (यष्टिरक्षक)
८. रमाकांत देसाई
९. सुभाष गुप्ते
१०. पाळवणकर बाळू (कर्णधार)
११. पद्माकर शिवलकर

शेपूट लांब आहे, हे मला ठाऊक आहे. ताम्हाण्यांपासून पुढे धावांची फारशी आशा नाही. पण कर्णधाराला फलंदाजीचा सराव कोणी दिलाच नव्हता, हेही ध्यानात घ्यावं.

ही यादी मी डायरीत वडिलांच्या यादीखाली शाईने उतरवून ठेवली आहे. लेकीने तिची डॉजर्सची नऊ नावं त्याच पानाच्या उरलेल्या जागेत लिहिली, जर्मन वळणाच्या अक्षरात. पुढच्या गणपतीच्या कार्यक्रमाला मी डायरी घेऊन येणार आहे. ज्यांच्या हरकती असतील त्यांनी आपापला संघ लिहून आणावा, मात्र आधी नियम सांगावा. सरदेसाईंच्या आणि जाफरच्या समर्थकांशी मी आनंदाने भांडेन. वेंगसरकरांच्या चाहत्यांनी मात्र मला बाजूला घेऊन बोलावं. मी त्यांच्यातलाच आहे.